मालमोटारीची वीज कोठे हरवते?

दिल्लीच्या वायव्य भागात संजय गांधी ट्रान्स्पोर्ट नगर ही मालमोटारींची मोठी वसाहत आहे. दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या गाड्या तेथे विसावतात व दुरुस्तही होतात. जानेवारीच्या पहाटे, तापमान चार-पाच अंशांवर उतरले असता, अनेक वर्षे राबलेली एखादी गाडी किल्ली फिरविताच नुसता ‘खट्’ असा आवाज करून स्वस्थ बसते. ‘बॅटरी गेली’ असा निर्णय तत्काळ दिला जातो आणि हजारो रुपये खर्चून नवी बॅटरी बसविली जाते. पण पुष्कळदा चारच दिवसांत गाडी पुन्हा अडते. असे का व्हावे?

गाडीतील विजेचा व्यवहार तीन गोष्टींवर चालतो: साठा, वाट आणि भरणा. साठा बॅटरीत असतो. बहुतेक जड मालमोटारींत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून चोवीस व्होल्ट मिळवितात. शिसे व आम्ल यांचा हा घट प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केला. जाड तारांच्या वाटेने वीज स्टार्टरकडे, म्हणजे कारागिरांच्या ‘सेल्फ’कडे जाते आणि गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून परत येते. इंजिन सुरू झाले की पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर खर्च झालेली वीज भरून काढतो. थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातील तेलही घट्ट होते. म्हणून वर्षभर लपलेला दोष नेमका हिवाळ्यात उघडा पडतो.

प्रथम साठा तपासावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या मिळून सुमारे २५.२ व्होल्ट दाखवीत असतील, तर साठा पूर्ण आहे. हा आकडा २४ वर आला असेल, तर बॅटरी बहुतांशी रिकामी आहे. ती बिघडलीच आहे असे नव्हे. ती भरून घेऊन हायड्रोमीटरने प्रत्येक कप्प्यातील आम्लाची घनता पाहावी. एकच कप्पा इतरांपेक्षा फार मागे असेल, तर बॅटरीला दोष द्यावा.

मग वाट पाहावी. ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. स्टार्टर ४०० अँपिअर प्रवाह ओढीत असेल आणि गंजलेल्या सांध्यात ओहमचा अवघा शंभरावा भाग रोध असेल, तर तेथेच चार व्होल्ट नाहीसे होतात. दिवे मात्र थोड्याच प्रवाहावर जळत असल्याने लख्ख दिसतात व आपली फसगत होते. यासाठी व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटाला व दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला लावून सेल्फ फिरवावा. अर्ध्या व्होल्टहून बरेच अधिक दिसल्यास ‘अर्थ’ची तार किंवा तिचा सांधा सदोष आहे. धन बाजूही अशीच तपासावी. अनेकदा सांधा घासून घट्ट बसविणे एवढाच उपाय पुरतो.

शेवटी भरणा. इंजिन चालू असता बॅटरीवर सुमारे २७.५ ते २८.५ व्होल्ट यावेत. आकडा वाढतच नसेल, तर पट्टा सैल आहे का ते पाहावे. काही गाड्यांत चार्जिंगचा छोटा दिवा जळून गेल्यानेही अल्टरनेटर जागा होत नाही. आकडा ३० च्या वर गेला, तर नियामक बिघडला असून बॅटरीतील पाणी व्यर्थ उडून जाते.

सावधगिरीही हवीच. भरणाऱ्या बॅटरीतून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. जवळ विडी अथवा ठिणगी नसावी. काम करताना अर्थची तार प्रथम काढावी व सर्वांत शेवटी जोडावी. इंजिन चालू असता बॅटरी कधीही सोडवू नये. त्याने अल्टरनेटरमधील डायोड जळतात.

एक साधा व्होल्टमापक आणि आधी मोजून मग खर्च करण्याची सवय एवढ्या भांडवलावर कष्टाचे पैसे वाचतात व मालही वेळेवर पोहोचतो.