मुष्टियुद्धातील पुनरागमन

दीर्घ खंडानंतर रिंगमध्ये परतणाऱ्या बॉक्सरच्या ठोशातील ताकद बरीचशी टिकून असते. ओसरते ती पायांची चपळाई, ठोसा हेरून चुकवण्याची गती आणि मार सोसण्याची क्षमता. त्यामुळे अशी पुनरागमने बहुधा फसतात.

अपयशी
• जेम्स जेफ्रीज (१९१०) : जवळपास सहा वर्षांनी, बरेच वजन उतरवून परतला, रीनो येथे जॅक जॉन्सनकडून पंधराव्या फेरीत पराभूत.
• मुहम्मद अली (१९८०) : दोन वर्षांच्या खंडानंतर, ३८ व्या वर्षी लॅरी होम्सशी लढला, दहा फेऱ्यांनंतर प्रशिक्षकाने लढत थांबवली.

यशस्वी
• व्हिटाली क्लिच्को (२००८) : जवळपास चार वर्षांनी, ३७ व्या वर्षी सॅम्युएल पीटरला हरवून हेवीवेट विजेतेपद परत मिळवले.
• जॉर्ज फोरमन (१९९४) : १९७७ मध्ये निवृत्त होऊन धर्मोपदेशक झालेला फोरमन दहा वर्षांनी परतला. लास व्हेगासमध्ये २६ वर्षांच्या मायकेल मूररविरुद्ध तो गुणांत मागे होता. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा आखूड ठोसा हनुवटीवर बसला आणि ४५ व्या वर्षी तो हेवीवेट विजेता ठरला.

फोरमनने घाई केली नाही. १९९१ मध्ये इव्हॅन्डर होलिफिल्डला आव्हान देण्यापूर्वी त्याने २४ लढती जिंकल्या होत्या. त्यांतून दम आणि अंतराचा अंदाज परत आला. अली व जेफ्रीज मात्र सरावाच्या लढतींविना थेट जगज्जेत्यासमोर उभे राहिले. वय दोघांच्याही आड आले, पण तयारीची ही उणीवही महागात पडली असावी.