गोठलेल्या घासाचे पोषण

मांस उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवले की त्यातल्या जिवाणूंची वाढ थांबते. एन्झाइमांचे आणि प्राणवायूचे काम मात्र चालूच राहते, फक्त मंदावते. म्हणून फ्रीझरमध्ये सहा महिने पडलेला मासा नासलेला नसला, तरी पोषणाच्या दृष्टीने तो पहिल्या दिवसाचा मासा राहिलेला नसतो. कच्च्या मांसावर जगणाऱ्या प्राण्यांना हा फरक चांगलाच भोवतो.

फेरेट हा असाच एक प्राणी. पाणमांजराच्या कुळातला आणि युरोपातल्या पोलकॅटपासून माणसाळवलेला. त्याचे आतडे आखूड असते, अंधनाल नसते आणि खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. भात-भाकरीतून पोषण काढून घ्यायला त्याच्या पोटाला तेवढी सवडच नाही. परदेशात फेरेट पाळणारे लोक कोंबडीची पिल्ले, उंदीर, हृदय, काळीज असे फ्रीझरमध्ये साठवून त्याला घालतात. मुंबईतल्या घोडपदेवच्या चाळींत फेरेट सहसा दिसायचा नाही, पण त्याच्या आहाराचा प्रश्न तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले आणि मार्च २०१७ पासून ते लोकांना पाहायला मिळू लागले. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी तारली, मांदेलीच्या जातकुळीतले मासे समुद्रातच धरून गिळतो. बंदिवासात त्याला मेलेला, साठवलेला मासा खावा लागतो, आणि खरी मेख इथेच आहे.

तारलीच्या कुळातल्या अनेक माशांत आणि गोड्या पाण्यातल्या कार्पमध्ये थायामिनेज नावाचे एन्झाइम असते. ते ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, मोडून टाकते. जिवंत माशात पेशी शाबूत असतात, त्यामुळे एन्झाइम आणि जीवनसत्त्व आपापल्या जागी राहतात. मासा मेला, गोठला, पुन्हा सुटला की पेशी फुटतात आणि दोघांची गाठ पडते. थंडीने थायामिनेज मरत नाही. ते मरते उष्णतेने. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९३० च्या दशकात चॅस्टेक नावाच्या गृहस्थांच्या फार्मवर कातडीसाठी पाळलेले रुपेरी कोल्हे कच्चे कार्प खाऊन आजारी पडले. आधी अन्नावरची वासना गेली, मग पाय लटपटू लागले, झटके येऊन जनावरे दगावली. थायमिन दिल्यावर हा विकार आटोक्यात येतो, हे पुढे कळले. त्याला आजही चॅस्टेकचा लकवा म्हणतात, आणि फेरेटचा भाऊबंद असलेल्या मिंकलाही तो होतो. मत्स्याहारी प्राण्यांसाठी प्राणिसंग्रहालयांत रूढ झालेले प्रमाण दर किलो माशामागे २५ ते ३५ मिलिग्रॅम थायमिन असे आहे. ही गोळी बऱ्याचदा माशाच्या कल्ल्यात खोचून देतात. ती मुख्य जेवणाच्या सुमारे दोन तास आधी दिलेली बरी, नाहीतर पोटात पडलेला मासा गोळीतले थायमिनही फस्त करतो.

दुसरी गळती पाण्यावाटे होते. भाऊच्या धक्क्यावर पहाटे उतरणारा बोंबील हे तिचे टोकाचे उदाहरण. त्याच्या अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. घरच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात तो हळूहळू गोठतो, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींची आवरणे फाडतात. बर्फ सुटला की ताटलीत गढूळ पाणी साचते आणि बोंबलाचा लगदा उरतो. इतर माशांचे आणि मांसाचे पाणी एवढे सुटत नाही, पण प्रकार तोच. ब गटातली जीवनसत्त्वे आणि टॉरिन नावाचे अमिनो आम्ल पाण्यात विरघळणारी असल्यामुळे ती त्या पाण्याबरोबर निघतात. टॉरिन कमी पडले की मांजराचे हृदय फुगून दुबळे होते, हे १९८७ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. हृदयात आणि कोंबडीच्या तंगडीच्या काळसर मांसात टॉरिन भरपूर असते, छातीच्या पांढऱ्या मांसात त्या मानाने फारच थोडे. तेव्हा महागडे बोनलेस आणून लाड करणाऱ्याचे मांजर तंगडी खाणाऱ्यापेक्षा नुकसानीतच असते. खिमा साठवणे तर सगळ्यांत वाईट. पेशी आधीच फुटलेल्या आणि हवा चहूकडून लागणारी.

ही हवा तिसरी वाटेकरी. बांगडा, तारली यांच्या तेलकट मांसातली चरबी गोठलेल्या अवस्थेतही खवट होत जाते आणि त्या ओघात ई जीवनसत्त्व खर्ची पडते. असे मांस सतत खाणाऱ्या मिंकच्या आणि मांजरांच्या कातडीखालची चरबी पिवळी पडून सुजते. त्यावर उतारा म्हणून दर किलो माशामागे ई जीवनसत्त्वाची १०० आंतरराष्ट्रीय एकके देतात.

यावरून घरची रीत ठरते. मांस शक्यतो अख्खे ठेवावे. एका वेळचे एकेक पाकीट करावे, हवा काढून चपटे दाबावे म्हणजे लवकर गोठते, आणि वर तारीख घालावी. तेलकट मासा दोन-तीन महिन्यांत संपवावा. बर्फ नळाखाली किंवा ओट्यावर सोडवू नये. आदल्या रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे आणि सुटलेले पाणी मोरीत न ओतता घासातच मिसळावे. सुटलेले मांस पुन्हा गोठवू नये.

फ्रीझरला जंतुनाशक समजण्याची चूकही सर्रास होते. गोठवल्याने काही परजीवी मरतात, पण साल्मोनेला टिकून राहतो आणि बर्ड फ्लूचा विषाणूही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हा संशयाची सुई खाऊ घातलेल्या कोंबडीकडेही वळली. फेरेट तर या बाबतीत फारच नाजूक. माणसाचा इन्फ्लुएन्झा विषाणू १९३३ मध्ये लंडनला पहिल्यांदा हाती लागला, तो फेरेटला त्याची लागण करूनच. कोंबडी कुठून आली याची खात्री नसेल, तर ती शिजवावी. हाडे मात्र शिजवण्याआधी काढावीत, कारण शिजलेले हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटते. शिजवल्याने माशातले थायामिनेजही निकामी होते. थोडे थायमिन आणि टॉरिन रश्श्यात उतरते, म्हणून रस्सा मांसाबरोबरच, मीठ-मसाला न घालता, थंड करून द्यावा.