संगणक संनियंत्रण प्रणालीतील अहवाल-फोल्डर : यादी, संचार आणि अर्थबोध

गोषवारा

संगणक-जाळ्यावर देखरेख करणाऱ्या प्रणाली रोज मोठ्या प्रमाणात माहिती गोळा करतात आणि ती अहवालांच्या रूपाने उपलब्ध करून देतात. हे अहवाल फोल्डरांच्या श्रेणीबद्ध रचनेत साठविलेले असतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘सिस्टिम सेंटर ऑपरेशन्स मॅनेजर’ या प्रणालीच्या आधारे ही रचना कशी वाचावी, तिची यादी कशी मिळवावी आणि त्या यादीवरून कोणते निष्कर्ष काढता येतात व कोणते येत नाहीत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. प्रस्तावना

महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा, ग्रंथालयाची संगणकीय सेवा आणि परीक्षा विभागाचे सर्व्हर अखंड चालावेत, ही अपेक्षा आता सर्वमान्य झाली आहे. ते प्रत्यक्षात किती काळ चालले, याचा पुरावा मात्र क्वचितच मागितला जातो. तो मागितला जातो तेव्हा संनियंत्रण प्रणालीतील अहवालांकडे वळावे लागते. हवा असलेला अहवाल ‘सापडत नाही’ हा अनुभव अशा वेळी नेहमीचा असतो. ‘सापडत नाही’ या दोन शब्दांत किमान चार भिन्न अर्थ दडलेले असतात : तो अहवाल अस्तित्वातच नाही, तो दुसऱ्या नावाने आहे, तो पाहण्याचा अधिकार आपल्याला नाही, किंवा अहवाल आहे परंतु त्यामागील माहिती उरलेली नाही. हे चार अर्थ वेगळे करता येणे हे फोल्डर-रचना समजून घेण्याचे खरे प्रयोजन होय.

२. रचनेचे स्वरूप

ऑपरेशन्स मॅनेजरचे अहवाल त्या प्रणालीत स्वतंत्रपणे राहत नाहीत. ते ‘एसक्यूएल सर्व्हर रिपोर्टिंग सर्व्हिसेस’ या अहवाल-सेवेच्या ताब्यात असतात. ही सेवा २००४ साली एसक्यूएल सर्व्हर २००० ची पुरवणी म्हणून उपलब्ध झाली. तिच्यातील फोल्डर हे संगणकाच्या डिस्कवरील फोल्डर नव्हेत. ते डेटाबेसमधील नोंदी असून प्रत्येक नोंदीला नाव, मार्ग, प्रकार आणि मूळ फोल्डर असे गुणधर्म असतात. म्हणून सर्व्हरच्या डिस्कवर हे फोल्डर शोधणे व्यर्थ ठरते.

ऑपरेशन्स मॅनेजरमध्ये ‘मॅनेजमेंट पॅक’ नावाचा संच आयात केला की त्यातील अहवाल आपोआप स्वतंत्र फोल्डरमध्ये दाखल होतात आणि संच काढून टाकला की ते अहवालही जातात. येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा लागतो. प्रणालीच्या कन्सोलमध्ये फोल्डर वाचनीय नावाने दिसतो, तर अहवाल-सेवेत तोच फोल्डर संचाच्या तांत्रिक ओळखनामाने असतो. कन्सोलमधील ‘मायक्रोसॉफ्ट जेनेरिक रिपोर्ट लायब्ररी’ हा उपलब्धता, कार्यक्षमता आणि इशारे यांचे सर्वसाधारण अहवाल असणारा फोल्डर अहवाल-सेवेत ‘मायक्रोसॉफ्ट.सिस्टिमसेंटर.डेटावेअरहाऊस.रिपोर्ट.लायब्ररी’ या नावाने आढळतो. एकच वस्तू दोन नावांनी वावरत असल्याने, एका ठिकाणचे नाव घेऊन दुसऱ्या ठिकाणी शोध घेणारा रिकाम्या हाताने परततो.

३. संचार आणि यादी

फोल्डरांत फिरण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला संचाराचा : वाचक मूळ फोल्डर उघडतो आणि पायरीपायरीने खाली उतरतो. कन्सोलच्या ‘रिपोर्टिंग’ विभागात डाव्या बाजूस ही रचना दिसते. तेथेच स्वतः सिद्ध केलेले, आवडते आणि वेळापत्रकाने चालणारे अहवाल यांचे स्वतंत्र गट असतात. काय शोधायचे हे पुरते निश्चित नसते तेव्हा हा मार्ग उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग यादीचा. एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ पासून मिळणाऱ्या ‘रिपोर्टसर्व्हिस२०१०’ या वेब-सेवेत ‘लिस्टचिल्ड्रन’ ही आज्ञा आहे. तिला फोल्डरचा मार्ग आणि ‘खोलवर जावे की नाही’ हा होकार-नकार द्यावा लागतो. नकार दिल्यास केवळ त्या फोल्डरमधील घटक मिळतात, तर होकार दिल्यास उपफोल्डरांसह सारी शाखा मिळते. मूळ फोल्डरपासून खोलवर यादी मागणे सोपे वाटते. परंतु मोठ्या संस्थेत असे उत्तर अवजड होते. म्हणून एकेक पातळी उतरत जाणे श्रेयस्कर. २०१७ च्या आवृत्तीपासून रेस्ट पद्धतीची सेवाही उपलब्ध आहे. तीत फोल्डर, अहवाल आणि सर्व घटक यांच्या वेगवेगळ्या याद्या मागता येतात.

४. यादी काय सांगत नाही

यादी वाचताना तीन मर्यादा ध्यानी घ्याव्यात.

पहिली मर्यादा अधिकारांची. यादी मागणाऱ्यास जे पाहण्याची अनुमती आहे तेवढेच यादीत येते. वगळलेल्या घटकांचा उल्लेखही नसतो. त्यामुळे रिकामा फोल्डर आणि अधिकाराअभावी रिकामा भासणारा फोल्डर हे दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. एखाद्या उपफोल्डरचा अधिकार असून वरच्या फोल्डरचा नसेल, तर पायरीपायरीने तेथे पोहोचता येत नाही, पण थेट पत्त्याने तो उघडतो. सामान्यतः नवा घटक मूळ फोल्डरचे अधिकार वारशाने घेतो. हा वारसा मध्येच तोडला की असे कोडे निर्माण होते. ऑपरेशन्स मॅनेजर स्थापित होताना अहवाल-सेवेची सुरक्षा आपल्या भूमिकांशी जोडून घेतो. म्हणूनच त्या अहवाल-सेवेवर अन्य उपयोजनांचे अहवाल ठेवू नयेत, असे मायक्रोसॉफ्टचे मार्गदर्शन आहे.

दुसरी मर्यादा ‘लपविलेल्या’ घटकांची. घटक लपविण्याची सोय केवळ दर्शनी मांडणीसाठी आहे, संरक्षणासाठी नव्हे. लपविलेला अहवाल पत्ता ठाऊक असलेला अधिकृत वापरकर्ता उघडू शकतो. गोपनीय माहितीसाठी या सोयीवर विसंबणे धोक्याचे आहे.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. फोल्डरमध्ये साठविलेली असते ती अहवालाची व्याख्या. त्यातील आकडे नव्हेत. अहवाल उघडला की माहिती-कोठारातून आकडे त्या क्षणी काढले जातात. ऑपरेशन्स मॅनेजरच्या मूळ मांडणीनुसार कोठारातील कार्यक्षमतेची कच्ची माहिती १० दिवस, तर तासानुसार व दिवसानुसार केलेली एकत्रित माहिती ४०० दिवस राहते. याचा परिणाम शैक्षणिक संस्थेच्या दृष्टीने गंभीर आहे. मूल्यांकनाच्या वेळी दोन-तीन शैक्षणिक वर्षांपूर्वीची सर्व्हर-उपलब्धता विचारली गेली, तर अहवाल यादीत ठळकपणे दिसेल, उघडेल आणि रिकामा निघेल. यादीतील अस्तित्व म्हणजे पुरावा नव्हे, हे येथे प्रकर्षाने जाणवते.

५. व्यवहारातील उपाय

वरील विवेचनावरून काही साधे नियम निघतात. प्रत्येक सत्राच्या अखेरीस आवश्यक अहवाल वेळापत्रकाने चालवून त्यांच्या प्रती वेगळ्या सामायिक फोल्डरमध्ये जतन कराव्यात किंवा माहिती राखण्याची मुदत वाढवावी. फोल्डरची नावे विभाग व प्रयोजन दर्शविणारी, पण आटोपशीर असावीत. कारण संपूर्ण मार्गाला २६० अक्षरांची मर्यादा आहे. फोल्डर पुसला की त्यातील सर्व घटक जातात आणि ते परत मिळविण्यासाठी कचरापेटीची सोय नाही. म्हणून पुसण्यापूर्वी खोलवर यादी काढून पाहावी. अहवाल सापडत नसेल तर अधिक अधिकार असलेल्या सहकाऱ्याकडून तीच यादी काढवून घ्यावी. दोन याद्यांतील फरक हाच निदानाचा प्रारंभ होय.

६. समारोप

एसक्यूएल सर्व्हर २०२५ पासून रिपोर्टिंग सर्व्हिसेसची नवी आवृत्ती निघालेली नाही. तिची जागा ‘पॉवर बीआय रिपोर्ट सर्व्हर’ने घेतली आहे. तेथेही फोल्डर, मार्ग, वारशाने येणारे अधिकार आणि याद्या ही चौकट कायम आहे. साधने बदलली तरी वाचकाने विचारावयाचे प्रश्न तेच राहतात : ही यादी कोणाच्या अधिकाराने निघाली, यातील नाव कोठचे आहे, आणि या नावामागे माहिती अद्याप शिल्लक आहे का? ग्रंथालयाची तालिका वाचणाऱ्या अध्यापकाला हे प्रश्न अपरिचित नाहीत. तालिकेत नोंद असणे आणि ग्रंथ कपाटात असणे यांतील अंतर तो जाणतो. तीच दक्षता अहवाल-फोल्डरांच्या बाबतीतही बाळगणे अगत्याचे आहे.