ग्रॅनाइटची जन्मकथा सांगणारा झिर्कॉन

ग्रॅनाइटच्या दगडात क्वार्ट्झ, फेल्स्पार आणि अभ्रक यांचे कण नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतात. पण त्यांच्या सोबतीला मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढा एक चिमुकला स्फटिकही असतो. त्याचे नाव झिर्कॉन. ग्रॅनाइटचा जन्म कसा झाला, हे विचारायचे तर या चिमुकल्यालाच विचारावे!

विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रश्नावर भूवैज्ञानिकांत मोठा वाद होता. काही म्हणत, ग्रॅनाइट हा थिजलेला शिलारस आहे. इतर म्हणत, जुने गाळाचे खडक न वितळताच पालटून त्यांचा ग्रॅनाइट होतो. मग निवाडा कसा करायचा?

त्यासाठी खडक कुटून त्याची पूड ब्रोमोफॉर्म या जड द्रवात टाकतात. हा द्रव पाण्याच्या सुमारे 2.9 पट जड असतो. क्वार्ट्झ व फेल्स्पार त्यावर तरंगतात, 4.6 पट जड असलेला झिर्कॉन तळाशी बसतो. मग तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. शिलारसात वाढलेला झिर्कॉन चौकोनी खांबासारखा, दोन्ही टोकांना निमुळता आणि धारदार कडांचा असतो. नदीतून घरंगळत आलेला मात्र झिजून गोल झालेला असतो. 1950 नंतरच्या दशकात आरी पोल्डरव्हार्ट यांनी अशा स्फटिकांची लांबी-रुंदी मोजून खडकांची तुलना केली.

पुढे 1980 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ प्युपँ यांनी झिर्कॉनच्या आकारांचा तक्ताच मांडला. त्यांच्या मते खांबाच्या बाजू शिलारसाचे तापमान सांगतात, तर टोकांची पैलूदार रचना त्याचे रासायनिक घटक सांगते. परंतु युरेनियमसारखी मूलद्रव्ये आणि वाढीचा वेग यांनीही आकार बदलतो, असे नंतर आढळले. शिवाय शिलारसात अर्धवट विरघळलेला स्फटिकही गोलसर दिसतो. तेव्हा एकट्या आकारावर विसंबून चालत नाही.

म्हणून आता स्फटिकाचा छेद घेऊन त्याचे अंतरंग तपासतात. कित्येकदा आत एक जुना गोल गाभा आणि त्याभोवती नव्या वाढीची धारदार वलये दिसतात. युरेनियमचे शिसे होण्याच्या ठरावीक गतीवरून दोहोंचे वय वेगवेगळे काढता येते. गाभ्याचे वय जास्त निघाले, तर समजावे की जुना खडक वितळला, पण चिवट झिर्कॉन उरला आणि नव्या शिलारसात पुन्हा वाढला. अशा ग्रॅनाइटपुरते दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडे थोडे खरे ठरते, नाही का?