तंबोरा कुठे गेला?

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमची पुणे-सातारा फेरी ठरलेली. गाडी मी चालवते, शेजारी सासूबाई. त्यांनी उभी हयात गाण्याचे क्लास घेतले. आता वय ऐंशीच्या घरात, एका कानाने जरा कमी येतं, पण सुरांच्या बाबतीत तडजोड नाही. पावसाळ्याआधीच्या फेरीत शिरवळ मागे पडलं, गाडीने ८०चा वेग धरला आणि किशोरीताईंचा भूप सुरू झाला. मी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. सासूबाईंनी हाताने थांबवलं.

‘‘अगं, नुसता कलकलाट होतोय. आणि तंबोरा कुठे गेला?’’

खरंच की! घरी हेच रेकॉर्डिंग लावलं की तंबोरा खोलीभर असतो. गाडीत त्याचा पत्ताच नव्हता.

भाच्याला विचारलं, तर उत्तर तयार. ‘‘मामी, मोठा अ‍ॅम्प्लिफायर टाक, सबवूफर टाक आणि सोबत एक फॅरडचा कॅपॅसिटर. आवाज एकदम खुलतो.’’ दुकानात गेले. तिथेही तीच यादी, वर सल्ला, ‘‘मॅडम, सरांना घेऊन या, जरा टेक्निकल आहे.’’ आता आमच्या सरांना घरातला फ्यूज कुठे आहे तेही मलाच विचारावं लागतं. शिवाय मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, हे सांगायचं राहूनच गेलं!

घरी येऊन कागद-पेन घेतलं. कॅपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. बेसचा दणका आला की अ‍ॅम्प्लिफायर एकदम जास्त करंट खेचतो, व्होल्टेज क्षणभर पडतं, हेडलाइट मिणमिणतात. तेवढ्या क्षणापुरती ही टाकी मदतीला येते. पण किती? इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट असतात. ते १२ पर्यंत उतरले, तर एक फॅरडचा कॅपॅसिटर २६ ज्यूल ऊर्जा देतो. ५०० वॅट खेचणारा अ‍ॅम्प्लिफायर ती सेकंदाच्या विसाव्या भागात संपवतो. आणि रिकामी टाकी पुन्हा भरायची कोणी? त्याच अल्टरनेटरने! म्हणजे बॅटरी थकलेली, वायर बारीक किंवा अर्थिंग ढिलं असेल, तर आधी ते दुरुस्त करायला हवं. आमच्या गाडीत तर कंपनीचा साधा स्टिरिओ. त्याला कॅपॅसिटर म्हणजे पोह्यांना केशर.

मुळात आमचं दुखणं विजेचं नव्हतंच, गोंगाटाचं होतं. टायरची घरघर, वारा, इंजिन. या खालच्या सुरातल्या गोंगाटाखाली तंबोरा बुडत होता. आवाज ३ डेसिबलने वाढवायचा तर दुप्पट वॅट लागतात. याउलट गोंगाट ३ डेसिबलने उतरवला, तर तेवढाच फायदा होतो, आणि ओरडावंही लागत नाही. सासूबाईंना नेमकं तेच हवं होतं.

गाडीच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो ना? स्पीकर याच पत्र्यात बसवलेला असतो. तो वाजला की दारही वाजतं. शिवाय स्पीकरच्या मागच्या बाजूचा आवाज दाराच्या आतल्या भोकांतून बाहेर येऊन पुढच्या आवाजाला मारतो, त्यात बेस जातो. यावर उपाय म्हणजे डॅम्पिंग शीट. ब्यूटाइल रबरचा चिकट थर, वर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. पत्र्याची थरथर या रबरात जिरते. अख्खं दार मढवायची गरज नसते. बाहेरच्या पत्र्याचा सपाट, मोकळा भाग पाव ते अर्धा झाकला तरी बराच फरक पडतो. आतली मोठी भोकं मात्र बंद करायची.

स्वस्तातली डांबरी शीट घेऊ नका. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तिला वास सुटतो, कधी ती ओघळतेही. आणि दाराच्या तळाशी पाणी जाण्याची भोकं असतात, ती चुकूनही बुजवू देऊ नका. पावसाचं पाणी काचेवरून दारात उतरतं आणि तिथूनच बाहेर पडतं. ते तुंबलं की दार आतून गंजलंच म्हणून समजा. काम चालू असताना उभं राहून मी हेच पाहत होते. दाराच्या आतल्या वायरी, विशेषतः एअरबॅगच्या, कुठे दबत नाहीत ना, हेही.

काम केलं आमच्या गल्लीतल्या सीट-कव्हरवाल्या दादांनी. पुढची दोन दारं, एक दुपार. पत्रा स्पिरिटने पुसला, शीट रोलरने दाबून दाबून बसवली. दाराचं चिरलेलं रबर बदललं, हा खर्च तर अगदीच किरकोळ. संध्याकाळी दादांनी दारावर टकटक केली. सकाळचं ‘टण’ जाऊन ‘ठप’ झालं होतं. ‘‘ताई, दार लावतानाही महागड्या गाडीसारखं वाटतंय,’’ दादा खूश!

पुढच्या शनिवारी परत तोच रस्ता, तोच भूप. शिरवळ गेलं, मी आवाजाच्या बटणाला हात लावला नाही. सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘‘पंचम येतोय आता. खर्ज अजून नाही.’’

बरोबरच होतं त्यांचं. टायरची घरघर खालून, चाकांवरच्या पत्र्यातून येते, दारं मढवून ती थांबत नाही. दादांना दिवाळीनंतरची तारीख सांगून ठेवली आहे.