चिडचिड, अभ्यासात लक्ष नाही... मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम कसा होतो?

दहावीतला मुलगा सतत चिडतो, अभ्यासात मन लागत नाही, की दोष मोबाइलला दिला जातो. पण रक्तातलं शिसंही यामागचं एक कारण असू शकतं. युनिसेफ आणि प्युअर अर्थच्या २०२० मधील अहवालानुसार, जगातल्या साधारण दर तीनपैकी एका मुलाच्या रक्तात डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसं आहे. भारतात अशी मुलं अंदाजे २७.५ कोटी आहेत.

शिसं येतं कुठून?
पेट्रोलमधलं शिसं २००० मध्ये बंद झालं. मात्र भिंतींवरचा जुना रंग, उघड्यावर वितळवल्या जाणाऱ्या बॅटऱ्या आणि हळद पिवळीधमक दिसावी म्हणून लावलेलं लेड क्रोमेट हे धोके कायम आहेत.

मेंदूत काय घडतं?
शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. ते हाडांत साठतं आणि मेंदूपेशींच्या संदेशवहनात अडथळा आणतं. राग आवरणारा, परिणामांचा विचार करणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. अमेरिकेतील सिनसिनाटीमध्ये लहानपणापासून नोंदी ठेवलेल्या मुलांचं मोठेपणी स्कॅन केलं, तेव्हा बालपणी जास्त शिसं असलेल्यांच्या मेंदूत मुख्यतः हाच भाग कमी भरला.

पालकांनी काय करावं?
अनैसर्गिक चमकणारी हळद टाळा. जुना रंग कोरडा खरवडू नका, फरशी ओल्या फडक्याने पुसा. आहारात नाचणी, दूध, पालेभाज्या ठेवा. कॅल्शियम आणि लोह पुरेसं असेल तर शिसं कमी शोषलं जातं. शंका असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणी करा. झालेलं नुकसान सहसा पूर्ण भरून येत नाही, म्हणून शिशाचा स्रोत आधी शोधा.