आळशी डोळ्याची नजर मोजताना

आळशी डोळ्यातला आळस डोळ्याचा नसून मेंदूचा असतो. एका डोळ्याला चष्म्याचा मोठा नंबर, तिरळेपणा किंवा जन्मजात मोतीबिंदू असेल, तर लहानपणी त्या डोळ्याची प्रतिमा मेंदू बाजूला सारतो. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या १९८१च्या नोबेल मानकऱ्यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून ठेवला, तेव्हा मेंदूच्या दृष्टिकेंद्रातल्या बहुतेक पेशी उघड्या डोळ्यालाच प्रतिसाद देऊ लागल्या.

अशा डोळ्याला किती दिसते, हे तान्ह्या बाळाच्या वागण्यावरून ताडावे लागते. चांगला डोळा झाकला की बाळ रडते, हात झटकते. आळशी डोळा झाकल्याचे त्याला काहीच वाटत नाही. टेलर कार्डावर करड्या पार्श्वभूमीच्या एका बाजूला काळ्या-पांढऱ्या रेषा असतात. रेषा दिसल्या तर बाळाची नजर तिकडे वळते. मग अधिकाधिक बारीक रेषांची कार्डे दाखवली जातात. तिरळ्या डोळ्याची नजर मात्र या चाचणीत आहे त्याहून बरी भासू शकते.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी सफरचंद, घर, गोल आणि चौकोन अशा चित्रांचा तक्ता सोयीचा. नाव सांगता आले नाही तरी हातातल्या कार्डावर तेच चित्र दाखवले की पुरते. खरी गफलत पुढे होते. आळशी डोळा सुटे अक्षर सहज ओळखतो, पण तेच अक्षर ओळीत आले की शेजारच्या अक्षरांच्या गर्दीत अडखळतो. घाईच्या तपासणीत एकेक अक्षर दाखवले, तर दोष झाकला जातो. म्हणून पूर्ण ओळ वाचून घ्यावी किंवा अक्षराभोवती आडव्या-उभ्या रेघा असलेला तक्ता वापरावा. दुसरा डोळाही तळहाताने न झाकता चिकटपट्टीने झाकावा; बोटांच्या फटीतून बघण्यात मुले भलतीच पटाईत असतात!

दोन्ही डोळे मिळून काम करतात का, हेही पाहतात. पोलरॉइड चष्मा लावून माशीचे चित्र दाखवतात; खोली जाणवणारे मूल तिचे पंख कागदाच्या वर, हवेतच चिमटीत धरू पाहते.

बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर काढतात आणि आधी चष्मा देतात. काही मुलांची नजर काही आठवड्यांत नुसत्या चष्म्यानेच सुधारते. नंबर बरोबर असूनही दोन डोळ्यांत तक्त्यावरच्या दोन किंवा अधिक ओळींचा फरक उरला, तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची. पुढच्या प्रत्येक खेपेला तक्ता तोच ठेवावा लागतो, नाहीतर सुधारणा डोळ्याची की तक्त्याची, हे कळत नाही.